लॅक्सटन : बांध नसलेल्या शिवाराचं गाव

शिवारफेरी

नॉटिंगहॅमला राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली. लॅक्सटनचं नाव कानावर पडलं ते मात्र गेल्या वर्षी, निवृत्तीला टेकलेल्या एका सहकाऱ्याकडून. मी शेतकऱ्याच्या घरचा, बार्शी तालुक्यातला, हे त्याला माहीत होतं. डबा खाता खाता म्हणाला, "जवळच एक गाव आहे, तिथल्या शेतांना अजून कुंपण नाही. तू जाऊन बघच."

ज्यांनी इंग्लंडचा खेड्यापाड्यांचा भाग पाहिलाय त्यांना यातलं नवल लगेच कळेल. इथे गाडीरस्त्याने कुठेही निघा, दोन्ही अंगांना काटेरी झुडपांची कुंपणं, आत चौकोनी शेतं, प्रत्येक शेताला फाटक आणि रानात एकटंदुकटं घर. वाटतं, हे पूर्वापार असंच असणार. पण यातली पुष्कळ कुंपणं दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची आहेत. त्याआधी मध्य इंग्लंडातलं गाव आपल्या देशावरच्या गावाच्या फार जवळचं होतं : सगळी घरं गावठाणात, भोवती मोकळं शिवार, आणि वस्तीवर राहायला जाण्याची पद्धतच नाही. लॅक्सटन अजून तसं आहे.

नोव्हेंबर संपत आला होता तेव्हा गेलो. ऑलर्टनच्या बाजूने गावात शिरलं की एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही कडांना विटांची शेतघरं. कित्येक घरांची अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांबी मागे परसात गेलेली. ट्रॅक्टर, गोठे, गवताचे भारे सगळं गावातच. डव्हकोट नावाचा पब आहे, त्याच्या आवारात गावचा इतिहास मांडलेली एक जागा आहे. थोडं पुढे सेंट मायकेलचं चर्च. चर्चपासून उत्तरेला चालत गेलं की नॉर्मन काळातल्या, म्हणजे फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन लोकांच्या वेळच्या, गढीचं गवताळ टेकाड लागतं. वर आता भिंत नाही की बुरूज नाही, नुसता मातीचा उंचवटा आणि भोवतीचे खंदक. आणि रस्त्याच्या कडेला चक्क कोंडवाडा! दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर आणून कोंडायचं, मालकाने दंड भरून सोडवून न्यायचं. आमच्या गावच्या कोंडवाड्याची भिंत मी लहानपणी चढायचो. त्यामुळे इथे दोन मिनिटं नुसता उभा राहिलो.

आता शिवाराबद्दल. गावाला तीन मोठी शेतं : साऊथ फील्ड, वेस्ट फील्ड आणि मिल फील्ड. मिळून पाचशे एकरांच्या आतबाहेर. 'शेत' म्हटल्यावर एका माणसाचं समजू नका. प्रत्येक शेतात गावातल्या अनेक शेतकऱ्यांच्या लांबट पट्ट्या आहेत, आणि एकाच शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही शेतांत विखुरलेल्या. पट्टी आणि पट्टी यांच्यामध्ये ना बांध, ना तार, ना झुडूप. तीन शेतांचं चक्र सगळ्यांनी मिळून पाळायचं. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. पुढच्या वर्षी सगळं एकेक घर पुढे सरकतं. पूर्वी पडीच्या वर्षी त्या शेतावर अख्ख्या गावाची मेंढरं आणि गुरं चरायची आणि रान खतवून टाकायची. आता पडीच्या जागी बहुधा चारा घेतात, पण चक्र तेच.

यातली मेख अशी की कुणालाही आपल्या मर्जीने वागता येत नाही. शेजाऱ्याने गहू काढला आणि तुमचा उभा असला तर जनावरं सोडायची कशी? म्हणून पेरणी, काढणी, चराई सगळ्यांच्या तारखा गावाने ठरवायच्या. आणि हे ठरवायला, मोडणाऱ्याला दंड करायला, गावाचं स्वतःचं न्यायालय आहे : कोर्ट लीट. मध्ययुगात अशी न्यायालयं इंग्लंडभर होती. १९७७ च्या कायद्याने जुन्या स्थानिक न्यायालयांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्सटनला त्यातून वगळलं. ते आजही भरतं, डव्हकोट पबातच.

मी गेलो तो दिवस पंचांच्या फेरीचा होता. ती नोव्हेंबरच्या शेवटी असते. नुकत्याच गहू पेरलेल्या शेतावर बारा पंच आणि त्यांचा म्होरक्या जातात. सगळे गावचेच शेतकरी. मी वाटेवरून बघत होतो. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीतून माणसं उतरली, चिखलाने बूट जड झालेले. एक जण पट्टीच्या टोकाला उभा राहिला, दुसरा समोरच्या टोकाला. मधल्याने हात हलवून थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे केलं आणि लाकडी खुंटी धरली. तिसऱ्याने घणाचे चार-पाच घाव घातले. झालं. कुणी नांगर सामाईक वाटेवर किंवा गवताच्या पट्ट्यात घातला असेल तर ते तिथेच टिपून घेतात, आणि पुढच्या आठवड्यात कोर्ट भरलं की दंड होतो. दंडाची रक्कम किरकोळ, पण नाव सगळ्या गावासमोर वाचलं जातं.

माझे आजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्यात बांध कोरण्यावरून दावा लागला तो दोघांच्या हयातीत मिटला नाही. दरवर्षी नांगरट झाली की दोन बोटं बांध इकडे, दोन बोटं तिकडे. मोजणी आली, दगड रोवले, दगड हलले. त्या खुंटीवर पडणाऱ्या घावांचा आवाज ऐकताना मला आजोबांची फार आठवण आली.

गाव किती जुनं? १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या गावोगावच्या जमिनीच्या नोंदीत, ते 'लॅक्सिंट्यून' या नावाने आहे. नॉर्मन येण्याआधी ते टोकी नावाच्या माणसाकडे होतं, नाव उघड उघड डेन लोकांचं. नंतर जेफ्री अल्सेलिन या नॉर्मन सरदाराकडे गेलं. पण सगळ्यात मोठा ऐवज म्हणजे १६३५ चा नकाशा. सर विल्यम कोर्टेन या लंडनच्या व्यापाऱ्याने हे गाव विकत घेतलं होतं. त्याने मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराकडून अख्ख्या गावाची मोजणी करवली. पट्टी न् पट्टी, कुणाकडे किती, सगळं एका वहीत आणि सोबत भला मोठा रंगीत नकाशा. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. मी त्याची प्रत पाहिली. मोजणीदाराने नुसत्या रेघा ओढलेल्या नाहीत. नांगर धरलेला माणूस आहे, कापणी करणारे आहेत, चरणारी जनावरं आहेत, हरणामागे लागलेली कुत्री आहेत. अगदी बोटाच्या पेराएवढी चित्रं. हा माणूस शिवारात उभा राहून बघत होता, हे त्या चित्रांवरून कळतं.

बाकीच्या इंग्लंडचं काय झालं? १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने कुंपणबंदीचे, म्हणजे मोकळी शिवारं कुंपणात बंदिस्त करण्याचे, पाच हजारांहून अधिक कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडचा पाचवा हिस्सा, त्याखाली आली. गावोगावच्या पट्ट्या एकत्र करून सलग तुकडे पाडले, सामाईक गायरानं वाटून टाकली, कुंपणं घातली. लॅक्सटन त्यातून सुटलं याचं कारण गावकऱ्यांची एकजूट वगैरे असेल असं मला वाटत होतं. तसं नव्हतं. इथे दोन मोठे जमीनदार होते, पिअरपॉइंट घराणं म्हणजे पुढचे अर्ल मॅन्व्हर्स, आणि अर्ल ऑफ स्कार्बरो. दोघांच्या जमिनी एकमेकींत अडकलेल्या आणि अदलाबदलीवर दोघांचं जमेना. कायदा, मोजणी, कुंपण या सगळ्याला खर्चही अफाट. काम लांबत गेलं आणि लांबता लांबता शिवार तसंच राहिलं.

वाचवलं जमीनदारांच्या अडचणीने, पण चालवलं गावाने. नुसतं न मोडणं वेगळं आणि दरवर्षी चिखलात उतरून खुंट्या ठोकणं वेगळं. मला हे दुसरं फार मोलाचं वाटतं. अजून कुणी पाहिलंय का हे गाव?

---

गोदातीर

सुंदर. वाचताना गावी असल्यासारखं वाटलं. एक शंका : जमीन नक्की कुणाच्या नावावर आहे? पट्ट्या शेतकऱ्यांच्या मालकीच्या की खंडाने?

---

सोळा आणे

भूमिअभिलेख खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

तुम्ही पाहिलेल्या त्या पट्टीचा आणि आपल्या सातबाऱ्याचा जवळचा संबंध आहे. इंग्रजांचा 'फर्लांग' म्हणजे मुळात नांगराच्या तासाची लांबी. बैलांनी दम न घेता एका दमात जेवढं लांब तास मारायचं तेवढं अंतर, पुढे ते २२० यार्ड ठरलं. आणि एक फर्लांग लांब, २२ यार्ड रुंद अशी पट्टी म्हणजे एक एकर. दिवसभरात एक आऊत जेवढी जमीन नांगरेल तेवढी, असा त्याचा जुना अर्थ. म्हणून एकर हा मुळात चौकोन नाही, लांबट पट्टीच आहे. २२ यार्ड म्हणजे ६६ फूट, ही गंटरची साखळी. १६२० च्या सुमारास एडमंड गंटर या गणितज्ञाने ती रूढ केली. तुमचा तो १६३५ चा नकाशा त्यानंतर पंधराच वर्षांनी निघालेला आहे, हे ध्यानात घ्या. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, तेही हेच माप.

मुंबई इलाख्यात मोजणी झाली ती ३३ फुटांच्या साखळीने, म्हणजे गंटरच्या साखळीच्या बरोबर अर्धी. तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचे. साखळी बाय साखळी म्हणजे ३३ बाय ३३, १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. असे चाळीस झाले की एकर. नोकरीला लागलो तेव्हा जुने मोजणीदार आण्यांतच बोलायचे. माझं इथलं नावही तिथूनच घेतलंय.

एक विचारायचं होतं. त्या पट्ट्या अगदी सरळ आहेत की किंचित वाकड्या?

---

शिवारफेरी

@सोळा आणे : काका, गुंठ्याचा उगम आज कळला. सातबारा हातात घेऊन वाढलो, पण हे कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही वाकडेपणाचं बरोबर हेरलंत. मध्य इंग्लंडात गवताखाली गेलेल्या जुन्या शेतांवर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात वरंबे उठून दिसतात, आणि ते उलट्या एस अक्षरासारखे हलकेच वळलेले असतात. जड नांगराला आठ-आठ बैल जुंपलेले असायचे. एवढी लांब जोडी शेताच्या टोकाला एकदम वळत नाही, म्हणून नांगऱ्या टोक यायच्या आधीच बैल डावीकडे झुकवायला लागायचा. शतकानुशतकं तसंच नांगरल्याने पट्टीच वाकडी झाली. वरंबे पडले ते नांगराच्या फाळाने माती एकाच बाजूला पलटत राहिल्यामुळे. दोन्हीकडून माती मधे येत गेली. ओल्या चिकणमातीत पाणी सऱ्यांतून निघून जायचं.

@गोदातीर : मालकी शेतकऱ्यांची नाही, ते खंडकरी आहेत. पिअरपॉइंट घराण्याकडे जमीन सतराव्या शतकात आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी पट्ट्यांची अदलाबदल करून संख्या कमी केली आणि एकेक पट्टी मोठी केली, म्हणजे १६३५ च्या मानाने आजच्या पट्ट्या कितीतरी रुंद आहेत. १९५२ मध्ये अर्ल मॅन्व्हर्सनी सगळी इस्टेट कृषी मंत्रालयाला विकली, ती ही पद्धत टिकावी म्हणून. १९८१ मध्ये ती क्राऊन इस्टेटकडे, म्हणजे राजगादीच्या नावावरच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे, गेली. त्यांनीही पुढे ती विकायला काढली आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटने घेतली. थोर्सबी म्हणजे त्याच मॅन्व्हर्स घराण्याची इस्टेट. अडुसष्ट वर्षांनी जमीन फिरून जुन्या घरी.

---

रानजाई

वाचतेय. फार छान चाललाय धागा.

---

मिरगाचा पाऊस

लेख आवडला, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी शेती करतो, मराठवाड्यात, साडेपाच एकर चार तुकड्यांत. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर मोटर, पाइप, फवारणीचा पंप घेऊन फिरण्यात अर्धा दिवस जातो. त्यामुळे विखुरलेल्या पट्ट्यांचं कौतुक मला पटकन पचत नाही.

आपल्याकडे १९४७ साली तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा झाला तो याच त्रासापायी. इंग्लंडात कुंपणबंदी झाली तेव्हाही हीच कारणं दिली गेली, आणि ती खोटी नव्हती. एकाच्या रोगट मेंढीने अख्ख्या गावाचा कळप बाधित व्हायचा. कुणाला सलगम किंवा क्लोव्हर लावून जमीन सुधारायची असली तर गाव म्हणणार, नाही, यंदा ही पड आहे. तिसरा हिस्सा जमीन दरवर्षी मोकळी ठेवणं लहान शेतकऱ्याला सोसतं का? आणि शेजाऱ्याच्या पट्टीतलं तण वाऱ्याने आपल्यात येतं, ते कोणतं कोर्ट थांबवणार?

गाव जपलं याचा आनंद आहे. पण जपणं परवडलं ते सरकारने जमीन विकत घेतली म्हणून. आपल्याकडे असं कुणी करील?

---

शिवारफेरी

@मिरगाचा पाऊस : तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि तुम्ही ते लिहिलंत हे बरं झालं. तोट्याची बाजू माझ्या लेखात राहून गेली होती. लॅक्सटनच्या शेतकऱ्यांनाही हे सगळं सोसावं लागतं. मोकळ्या शिवारातल्या पट्ट्यांवर त्यांचं पूर्ण पोट चालत नाही. कुंपणातली वेगळी जमीनही त्यांच्याकडे असते.

दोनच गोष्टी सांगतो. पट्ट्या विखुरल्या त्याला एक कारण होतं. कुणाला सगळी काळी आणि कुणाला सगळी माळाची असं होऊ नये, प्रत्येकाला चढावरची, उताराची, ओलीची, कोरडी अशी थोडी थोडी मिळावी. एका वर्षी पाऊस जास्त झाला तर खालची गेली, वरची वाचली. तुमचे चार तुकडे वाटण्यांमुळे झाले असतील. इथले तुकडे जोखीम वाटून घेण्यासाठी होते. आणि दुसरं, आपल्या तुकडेजोडीत किंवा इंग्लंडच्या कुंपणबंदीत एकत्र झाली ती ज्याच्याकडे जमीन होती त्याची जमीन. ज्याच्याकडे नुसता चराईचा हक्क होता, त्याच्या हाती काय आलं, हा प्रश्न उरतोच.

---

रानजाई

शिवारफेरी, तुमच्या शेवटच्या वाक्यावरून लिहायला घेतलं.

चराईचा हक्क गेला हे सगळे सांगतात. सरव्याचं कुणी सांगत नाही. पीक काढून नेलं की शेतात पडलेल्या लोंब्या वेचायला बायका आणि पोरं जायची. आपल्याकडे जसं सरवा वेचणं, अगदी तसं. इंग्लंडच्या गावांत ही मोठी रीत होती. कितीतरी ठिकाणी सकाळी चर्चची घंटा वाजल्यावरच शेतात शिरायचं आणि संध्याकाळी घंटा झाली की निघायचं, म्हणजे म्हातारीला आणि लेकुरवाळीलाही तरण्याताठ्यांइतकीच संधी. एका घराने हंगामात वेचलेल्या गव्हावर हिवाळ्यातली कित्येक आठवड्यांची भाकर निघायची. १७८८ मध्ये तिथल्या न्यायालयाने निकाल दिला की सरवा वेचण्याचा कुणालाही कायदेशीर हक्क नाही. लोक तरी वेचत राहिले, पण आता शेतमालकाच्या मर्जीवर.

माझी आजी ज्वारी काढणीनंतर सरवा वेचायला जायची. परतताना ओटीत कणसं आणि पायाला धसकटांचे ओरखडे. आईने सांगितलं होतं, मी पाहिलेलं नाही. कुंपणबंदीने उत्पन्न वाढलं हे मिरगाचा पाऊस म्हणतात ते खरं असेल. पण कुंपण घातल्यावर आत कोण राहिलं आणि बाहेर कोण राहिलं, हे मोजताना ओटीतली ती कणसं कुठल्या वहीत लिहायची?

आणि लॅक्सटनच्या चर्चमध्ये बाईचा एक लाकडी पुतळा आहे असं वाचलंय. तो पाहिलात का?

---

शिवारफेरी

@रानजाई : पाहिला. एव्हरिंगहॅम हे घराणं मध्ययुगात या गावचं धनी होतं. त्यांच्या दगडी समाधी-प्रतिमा आहेत, हातपाय तुटलेले, चेहरे झिजलेले. त्यांच्यातच ओक लाकडाची बाईची आडवी मूर्ती आहे, अॅडम दे एव्हरिंगहॅमच्या दुसऱ्या बायकोची. नॉटिंगहॅमशरमध्ये मध्ययुगातली एवढी एकच लाकडी प्रतिमा उरलीय. लाकडाला उभ्या भेगा पडल्यात, तरी डोक्यावरचं वस्त्र आणि जोडलेले हात ओळखू येतात. दगडातल्या सरदारांपेक्षा ती मला जास्त माणसासारखी वाटली.

सरव्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून गप्प बसलो होतो बराच वेळ.

---

कोकणकडा

उशिरा आलो धाग्यावर, पण एक भेट घेऊन आलोय.

हा सर विल्यम कोर्टेन, ज्याने १६३५ ची मोजणी करून घेतली, तो आपल्या किनाऱ्याला अगदीच परका नाही! ईस्ट इंडिया कंपनीला डावलून चार्ल्स राजाने ज्या व्यापारी मंडळाला पूर्वेकडे जहाजं पाठवायची परवानगी दिली, ते हेच कोर्टेनचं मंडळ. परवानगीचं वर्षही १६३५. कॅप्टन जॉन वेडेल जहाजं घेऊन १६३६ च्या एप्रिलात इंग्लंडहून निघाला आणि त्याच वर्षी गोव्याला पोचला. पुढे कोर्टेनच्या माणसांनी राजापूर, कारवार, भटकळ या पट्ट्यात मिरीचा व्यापार मांडला. कंपनीवाल्यांशी त्यांचं हाडवैर होतं.

कोर्टेन स्वतः १६३६ मध्येच वारला. कर्जं डोईजड झाली होती आणि मुलाच्या हाती सगळं बुडालं. त्याचा नातू, तोही विल्यमच, शंखशिंपले, नाणी, वनस्पती जमवत राहिला. तो संग्रह हान्स स्लोन यांच्याकडे गेला आणि त्यांच्या संग्रहातून ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं.

मी राजापूरचा. आमच्या नदीकाठी इंग्रजांच्या वखारीची गोष्ट लहानपणापासून ऐकतोय, शिवाजी महाराजांनी ती खणून काढली ती. पण तिच्या आधीच्या इंग्रजांची दोरी नॉटिंगहॅमशरच्या एका शेतकरी गावाला बांधलेली आहे, हे आज जुळलं. ज्या वर्षी हा माणूस लॅक्सटनची पट्टी न् पट्टी मोजून घेत होता, त्याच वर्षी तो आमच्या मिरीचाही हिशेब मांडत होता.

---

सोळा आणे

@कोकणकडा : वा! आता कळलं मोजणी इतकी बारीक का केली ते. व्यापाऱ्याने गाव घेतलं की पहिलं काम, माल किती आहे ते मोजा. सरदार पिढ्यान्‌पिढ्या गाव खायचा, त्याला नकाशाची गरज पडत नव्हती.

---

गोदातीर

लेखात 'गवताच्या पट्ट्या'चा उल्लेख आहे, त्यात नांगर घातला तर दंड होतो असा. शेतात गवताचे पट्टे कशाला ठेवतात?

---

शिवारफेरी

धागा वर काढतोय, कारण गोदातीर यांचं उत्तर राहिलं होतं आणि गेल्या शनिवारी पुन्हा जाऊन आलो. जुलै आहे, सगळं बदललंय.

त्या गवताच्या भागांना तिथे 'साइक' म्हणतात. शिवारात जिथे पाणी साचतं किंवा जिथे उतार फार आहे, तिथे नांगर चालत नाही. ते भाग कधीच नांगरलेले नाहीत, म्हणजे शेकडो वर्षांचं सलग गवत. उन्हाळ्यात त्यातल्या गवताचा लिलाव होतो, ज्याने घेतलं त्याने कापून वाळवून न्यायचं. कधी खत नाही, कधी औषध नाही, त्यामुळे त्यात रानफुलं इतकी दाट की पाऊल टाकायला संकोच वाटतो. सरकारने त्यांना संरक्षित जागेचा दर्जा दिलाय. एका शेतकऱ्याने नांगर हातभर जरी आत घातला तरी पुन्हा तसं रान व्हायला पिढ्या जातील, म्हणून पंच त्या कडा इतक्या बारकाईने बघतात.

मग नोव्हेंबरात खुंट्या ठोकताना पाहिलं होतं त्याच शेतात गेलो. गहू कमरेएवढा, पिवळा पडायला लागलेला, आणि डोळा पोचेल तिथपर्यंत एकच शेत वाटावं असं. खुंटी शोधत होतो, सापडेना. वाटेवर एक म्हातारे शेतकरी कुत्रं घेऊन उभे होते. त्यांना विचारलं, यात एकाची हद्द संपून दुसऱ्याची कुठे सुरू होते? त्यांनी हाताने दाखवलं. वाकून पाहिलं तर दोन गव्हांच्या मधे वीतभर रेघ, एकाच्या लोंब्या दुसऱ्याच्या लोंब्यांवर कललेल्या. खाली मातीत हात घातला तेव्हा खुंटीचं डोकं बोटांना लागलं.